पाखाडी, टेम्पो आणि छोटा हत्ती

मराठीत "टेम्पो" हा शब्द इतका रुळलाय की ते मुळात एका जर्मन गाडीचं नाव आहे हे सांगितलं तर लोकांना गंमत वाटते. घर बदलायचंय? टेम्पो सांग. गणपती आणायचाय? टेम्पो सांग. मग दारात येऊन उभी राहणारी गाडी टाटाची असो, महिंद्राची असो, नाहीतर आणखी कुणाची. "जीप"चंही तेच. परदेशातून आलेली ही दोन नावं आपण कधी आपल्या घरातली करून टाकली, कळलंच नाही.

ह्या शब्दांच्या मागे मी लागलो त्याचं कारण मात्र अगदी घरगुती आहे. बाबा रिटायर होऊन गावी राहायला गेले. रत्नागिरीहून पावसच्या बाजूला आमची पावणेदोन एकरांची बाग आहे. हापूसची सत्तर कलमं, खाली घराला लागून थोडे माड-पोफळी आणि भाताची दोन खाचरं. बाबांचं म्हणणं, "अरे, बागेच्या कामाला एक गाडी घेऊन टाकू. खत आणायला, आंबा न्यायला. तू इंजिनियर ना, बघ जरा कुठली घ्यावी ते." इंजिनियर म्हणजे सॉफ्टवेअरचा, पण आमच्या घरात असले बारीक फरक मानत नाहीत.

तर मंडळी, शनिवारी सकाळी मी एक्सेल उघडून बसलो. किंमत, वजन किती नेते, अ‍ॅव्हरेज किती, रुंदी किती... आणि दुपारपर्यंत गाड्यांची तुलना राहिली बाजूला, मी इतिहासात शिरलो होतो. कारण प्रत्येक गाडीच्या मापांमागे कुणाचं तरी शेत दिसायला लागलं.

सुरुवात जीपपासून करू. १९४० साली अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना ४९ दिवसांत उभा केला, पण मोठी ऑर्डर गेली विलीज आणि फोर्डकडे. युद्धात सहा लाखांहून जास्त जीपा तयार झाल्या. आता युद्ध संपल्यावर विलीजने काय करावं? तर त्यांनी शेतकरी गाठला. १९४५ साली आलेली सीजे-२ए ही नागरी जीप खास शेतकामाची म्हणून विकली गेली. तिला नांगर जोडा, तिच्या इंजिनावर पंप चालवा, लाकूड कापायची करवत चालवा, आणि संध्याकाळी तिच्यातूनच बाजाराला जा! तिच्या आधीच्या काही नमुन्यांवर तर "अ‍ॅग्रीजीप" अशी पाटीच होती. नांगरटीला ती ट्रॅक्टरइतकी जमली नाही, ते साहजिक होतं. पण "छोट्या शेतकऱ्याची सर्व कामांची एकच गाडी" ही कल्पना तिथून पसरली. इंग्लंडमधली लँड रोव्हर (१९४८) त्याच कल्पनेची. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातली जुनी जीप वापरायचे, त्यावरून त्यांना ती सुचली.

जर्मनीत ह्याहून भारी प्रकार झाला. युनिमॉग ही गाडी १९४६ मध्ये आखली गेली तेव्हा तिच्या दोन चाकांमधलं अंतर १२७० मिलिमीटर ठरवलं गेलं. का? तर बटाट्याच्या दोन ओळींना तेवढी जागा लागते म्हणून. आधी बटाटे मोजले आणि मग गाडी काढली. आमच्या भाषेत ह्याला रिक्वायरमेंट अ‍ॅनालिसिस म्हणतात. आमच्याकडे तो बहुतेक वेळा कोड लिहून झाल्यावर करतात, ते सोडा. :)

आपल्याकडे जीप आली मुंबईमार्गे. १९४५ साली स्थापन झालेल्या "महिंद्रा अँड मोहम्मद" ह्या कंपनीने १९४७ पासून विलीज जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली. (ह्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. कंपनीचं नाव १९४८ मध्ये बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं.) पण अमेरिकेत शेतकऱ्याची म्हणून विकली गेलेली ही गाडी कोकणातल्या छोट्या शेतकऱ्याने शेतासाठी घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. जीप इथे आली ती सरकारी साहेबाची म्हणून, आणि पुढे डिझेल इंजिन बसल्यावर वडापची म्हणून. नऊ जणांच्या जागी सोळा माणसं आणि टपावर कोंबड्या. माणसं वाहिली तिने, खत नाही.

मालाचं काम टेम्पोने केलं. हँबुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीची "टेम्पो हॅन्सियाट" ही तीनचाकी. स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया ह्यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली, आधी मुंबईत गोरेगावला, मग १९६४ पासून पुण्याजवळ आकुर्डीला. जर्मनीत ही तीनचाकी १९५६ मध्येच बंद झाली होती, आपल्याकडे मात्र ती २००० सालापर्यंत बनत राहिली! पुढे एक चाक, त्याच्यावरच इंजिन, आणि ताकदही त्याच एका चाकाला. सपाटीवर ठीक आहे. पण चढावर मागे माल भरला की वजन मागच्या चाकांवर जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि जागच्या जागी फिरायला लागतं. शाळेतलं बलाचं गणित आहे, कुणीही मांडावं. कोकणातल्या घाटीला हे यंत्र मुळात मानवणारं नव्हतं. तरी शहरांतून, बाजारपेठांतून ते इतकं चाललं की नाव भाषेत राहून गेलं.

आणि आता मुद्द्याचं. ही सगळी चाकं जिथवर जात होती त्याच्या पुढे काय होतं? तिथे पाखाडी होती.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना बहुतेक ठिकाणी गडगे. वर सडा, खाली वाडी, आणि मध्ये पाखाडी. पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे उतारावर मातीची वाट टिकतच नाही, म्हणून दगडी पायऱ्या. ज्यांनी बांधली त्यांचं डोकं सॉलिड होतं ह्यात शंका नाही. पण पायरी म्हटली की चाक संपलं. देशावर बैलगाडी दारापर्यंत जायची; आमच्याकडे घाटांतून पूर्वी माल जायचा तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून, किनाऱ्याने जायचा तो पडाव-गलबतांतून, आणि गावात माणसाच्या डोक्यावरून. चुंबळ, हारा आणि कावड हीच आमची युटिलिटी व्हेइकल्स.

पूर्वी हे निभत होतं कारण वाहायला माणसं होती आणि बागा लहान होत्या. १९९० मध्ये महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली आणि चित्र बदललं. तोवर ओसाड पडलेल्या डोंगरउतारांवर, कातळावर सुरुंग लावून खड्डे काढले, त्यात माती आणून भरली आणि कलमं लावली. योजना चांगलीच होती, आमची निम्मी कलमं तिच्यातलीच. पण कलमाचं अनुदान मिळालं, कलमापर्यंतच्या वाटेचं नाही. झाडं मोठी झाली, वाहायचा माल वाढला, आणि वाहणारी तरुण माणसं त्याच काळात मुंबईला निघून गेली. आज कित्येक बागांत काम नेपाळी गडी करतात. आमच्याकडे शेजारच्या वाडीतल्या मावशी येतात. वय पंचावन्न तरी असेल.

मग मी एक्सेलमध्ये गाड्यांच्या शेजारी नवीन शीट उघडली: माल. बऱ्या सालात आमचा आंबा होतो साधारण २०० क्रेट, वीस किलोचा एक, म्हणजे ४ टन. शेणखत कलमाला ५० किलो, म्हणजे साडेतीन टन. फवारणीचं पाणी झाडाला दहा लिटर, सहा फवारण्या, म्हणजे ४.२ टन. एकूण ११.७ टन. ह्यातलं पाणी वजा करा. पाणी पाइपने जातं, त्याला गाडी कशाला? रस्त्यावर ड्रम, तिथेच पंप, आणि खाली लांब नळी. राहिले साडेसात टन. वीस-वीस किलोच्या ३७५ खेपा. आमची पाखाडी वरच्या डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत १४० मीटर, उंचीतला फरक ३० मीटर. खत उतरवायचं, आंबा चढवायचा. ह्या ३७५ खेपांपैकी बहुतेक मावशींच्या डोक्यावरून जातात, हे इतकी वर्षं मला माहीत होतं. आकडा पहिल्यांदा पाहिला.

आता गाड्यांकडे परत. २००५ हे वर्ष मजेशीर आहे. त्याच वर्षी बजाज टेम्पोने नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, म्हणजे कंपनीच्या नावातून टेम्पो गेला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात टाटा एस आली. गिरीश वाघ ह्यांच्या टीमने इंडिकाचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घेऊन त्याचं अर्धं केलं: दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. तीनचाकीवाल्यांना विचारत फिरले तेव्हा चारचाकी असेल तर लग्नाला स्थळ बरं येईल, असं एकाने सांगितल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. दोन वर्षं व्हायच्या आत लाखभर गाड्या गेल्या आणि लोकांनी तिला "छोटा हत्ती" करून टाकलं. मला ही गाडी मनापासून आवडते. १६ हॉर्सपॉवर ऐकून नाकं मुरडणाऱ्यांसाठी गणित: भरलेली गाडी दीड टनाची धरा, एकास पाच चढ, ताशी ५ किलोमीटर. पाच किलोवॅटच्या आत काम होतं, आणि इंजिन देतं बारा. शिवाय ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे माल भरला की पकड वाढतेच. हॅन्सियाटच्या बरोबर उलट.

जपानी लोकांनी हेच काम फार आधी केलं होतं. त्यांच्याकडे "केई" नावाच्या छोट्या ट्रकांचा वर्ग कायद्यानेच ठरवलेला आहे: रुंदी १.४८ मीटरच्या आत, इंजिन ६६० सीसीपर्यंत, माल ३५० किलो. भातखाचरांच्या मधल्या वाटांना बरोबर बसणारा. आपला हत्ती रुंदीला जवळपास तेवढाच, दीड मीटर, आणि माल दुप्पट.

पॉवर टिलरला ट्रॉली जोडण्याचा पर्यायही बाबांनी सुचवला होता. आपल्याकडे हे जपानी यंत्र साठ-सत्तरच्या दशकात आलं, बंगळूरला व्हीएसटीने मित्सुबिशीबरोबर, केरळात कॅम्कोने कुबोटाबरोबर. खाचरात उत्तम. पण उतारावर एक भानगड आहे. वळण्यासाठी एका बाजूचा क्लच दाबून त्या चाकाची ताकद काढतात. चढावर, सपाटीवर ते चाक मागे पडतं आणि यंत्र त्या बाजूला वळतं. तीव्र उतारावर तेच चाक मोकळं सुटून पुढे धावतं आणि यंत्र विरुद्ध बाजूला वळतं! बासष्टाव्या वर्षी बाबांनी हे शिकावं असं मला वाटत नाही. फोनवर स्पष्ट सांगितलं.

म्हणजे हत्ती घ्यायचा? इथे दिवाळीत नेलेली मेजरिंग टेप आडवी येते. आमची पाखाडी दोन गडग्यांच्या मध्ये १.२ मीटर आहे. हत्ती दीड मीटर. पायऱ्या फोडून घसारण केली तरी एका बाजूचा गडगा तीन फूट मागे घ्यावा लागेल, आणि तो मुंबईच्या चुलतकाकांच्या हिश्शाचा. वरच्या रस्त्यापासून रत्नागिरीपर्यंतची वाहतूक तर आजही होतेच, फोन केला की भाड्याचा टेम्पो येतो. स्वतःची गाडी घेऊन ती पाखाडीच्या तोंडाशी उभी करायची तर ३७५ मधली एक खेपही कमी होत नाही.

हे सगळं शोधताना शेवटी सापडलं ते मला सगळ्यात जवळचं वाटलं. जपानात एहिमे, वाकायामा भागात संत्र्यांच्या बागा आमच्यासारख्याच उभ्या डोंगरउतारांवर आहेत. तिथे साठच्या दशकापासून बागेतून एकच लोखंडी रूळ टाकतात, जमिनीपासून गुडघाभर उंच, खाली दाते असलेला. त्यावर छोट्या पेट्रोल इंजिनाची गाडी दातांत दात अडकवत क्रेट घेऊन चढते, ४५ अंशांच्या चढावरसुद्धा. रुंदी माणसाएवढी. ना रस्ता लागतो, ना गडगा हलवावा लागतो. बटाट्याच्या ओळी मोजून काढलेल्या युनिमॉगसारखीच ही पाखाडी मोजून काढलेली गाडी. आपल्या वर्कशॉपवाल्यांना दाते असलेला रूळ आणि ब्रेक जमवणं अशक्य नाही, पण ब्रेकच्या बाबतीत "जमवू" ह्या शब्दावर माझा विश्वास नाही. उतारावर दीडशे किलो सुटलं तर खाली आमचं अंगण आहे.

तर एक्सेलमध्ये सध्या दोन ओळी शिल्लक आहेत. एक, घसारण आणि जुना हत्ती, काकांची सही मिळाली तर. दोन, रूळ, दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन कुणी नीट डिझाइन तपासून दिलं तर. बाबांचा कल पहिल्याकडे आहे, कारण हत्ती दारात दिसतो, रूळ कोण बघायला येणार! मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काय ता करा, पण यंदाच्या आंब्याआधी करा." काका मे महिन्यात येतात. आंबा एप्रिलमध्ये सुरू होतो.