मंद वाऱ्यातली मोठी वावडी

मोठ्या पतंगाला मराठीत ‘वावडी’ हा जुना शब्द आहे. आता तो बहुधा अफवांपुरता उरला आहे. त्या वावड्या उठायला वारा लागत नाही. खऱ्या वावडीला मात्र तो लागतो आणि शहरात नेमका त्याचाच तुटवडा असतो. संक्रांतीच्या सकाळी गच्चीगच्चीवर मंडळी जमलेली, फिरक्या सज्ज, आणि झाडाचे पान जेमतेम हलते आहे, हे दृश्य पुण्या-मुंबईत नवे नाही. नेहमीचा चौकोनी पतंग अशा हवेतही वर चढवता येतो, पण त्यासाठी कसलेला हात हवा. तो पतंग सपाट असतो, ढील दिली की गिरक्या घेतो आणि खेचले की नाकासमोर धावतो. सतत खेचत राहणारा हातच त्याचा वारा असतो. दोरा एका जागी धरून निवांत बसावे आणि पतंगाने आकाशात स्थिर उभे राहावे, असे हवे असेल तर वेगळी रचना लागते. ती घरी, शिलाई यंत्र आणि बांबूच्या कामट्या एवढ्या साधनांत करता येते.

अशा कामासाठी जगभरातले हौशी पतंगकार ज्या आकारांकडे वळतात, त्यांत जपानचा ‘रोक्काकु’ अग्रभागी आहे. या शब्दाचा अर्थच षट्कोन. निगाता प्रांतातील सांजो हे त्याचे गाव. तेथे जून महिन्यात या पतंगांच्या लढती होतात आणि स्थानिक बोलीत पतंगाला ‘इका’, म्हणजे माकूळ, म्हणतात. एक उभा कणा, दोन आडव्या कामट्या आणि सहा कोनांचे कापड एवढाच त्याचा संसार. आडव्या कामट्या पाठीमागून दोरीने धनुष्यासारख्या ताणल्या की पतंगाला बाक येतो. हा बाकच त्याला तोल देतो, म्हणून शेपूट लागत नाही. शेपूट नसणे ही मंद वाऱ्यात मोठीच सोय आहे, कारण शेपूट म्हणजे निव्वळ वजन आणि ओढ.

पतंग मोठा केला की तो कमी वाऱ्यात उडतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वाऱ्याने मिळणारा उचल-जोर पतंगाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, पण वाऱ्याच्या वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. वारा निम्मा झाला की उचल चौथाईवर येते. म्हणून मंद वाऱ्यात खरा प्रश्न आकाराचा नसून दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम वजन पडते, हा असतो. उदाहरणादाखल २ मीटर उंच आणि १.६ मीटर रुंद असा रोक्काकु घ्यावा. आडव्या कामट्या वरच्या व खालच्या टोकापासून ५० सेंटीमीटरवर ठेवल्या, तर त्याचे क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर होते. सेकंदाला २ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७ किलोमीटर वाऱ्यात अशा पतंगाला साधारण ४७० ग्रॅम उचल मिळते. पतंगाचे वजन ३०० ग्रॅमच्या आत राहिले, तर दोरा उचलायला आणि ताण राखायला थोडी शिल्लक उरते. ते साडेचारशेवर गेले की खेळ संपला.

आता कुणी म्हणेल, सरळ ४ मीटरचाच करावा. पण सगळी मापे दुप्पट केली की कापडाचे वजन चौपट होते आणि कामट्यांचे आठपट. दोन मीटरच्या पतंगात दर चौरस मीटरला १२० ग्रॅम पडत असतील, तर चार मीटरच्या पतंगात ते १८० च्या पुढे जातात. त्याला उडायला जास्त वारा लागतो आणि तो वारा आला की पतंग माणसाला ओढून नेतो. मग लहानच का करू नये? कारण दोऱ्याचे वजन आणि हवेतली त्याची ओढ पतंगाबरोबर लहान होत नाही. शिवाय मोठा पतंग झुळकीगणिक दचकत नाही. दोन मीटरच्या आसपासचे माप ही या ओढाताणीतली सोयीची जागा आहे. घरातल्या दारातून तो बाहेरही काढता येतो.

कापड म्हणून तंबूसाठी व पॅराशूटसाठी वापरतात ते रिपस्टॉप नायलॉन उत्तम. त्यात ठराविक अंतरावर जाड धाग्यांची चौकट विणलेली असते, त्यामुळे एखादे भोक पडले तरी ते फाटत जात नाही. चौरस मीटरला ४० ग्रॅमच्या आसपासचे कापड घ्यावे. छत्रीचे कापड त्याहून जड असते आणि पतंगी कागद हलका असला तरी एवढ्या मापाला टिकत नाही. पहिला प्रयोग म्हणून २० मायक्रॉनचे पॉलिथिन चालते. ते चौरस मीटरला अवघे १८ ग्रॅम भरते, पण उन्हात आणि ताणाखाली सैल पडते. तो पतंग झाडात अडकला तर त्याच्या चिंध्या वर्षभर तिथेच लोंबतात, हेही लक्षात असावे.

कापणीत एक गंमत आहे. दीड मीटर पन्ह्याचे १.६ मीटर कापड या पतंगाला बरोबर पुरते. पन्ह्याची बाजू उंचीकडे ठेवून वरचा मीटरभर आयत तसाच राखावा आणि त्याखालच्या ५० सेंटीमीटरच्या पट्टीतून खालचा त्रिकोण कापावा. तो कापला की दोन्ही बाजूंना दोन काटकोन त्रिकोण उरतात. डावीकडचा उजवीकडे व उजवीकडचा डावीकडे सरकवून त्यांच्या ५० सेंटीमीटरच्या बाजू एकमेकींना जोडल्या की वरचा त्रिकोण तयार होतो. चिंधीसुद्धा वाया जात नाही. शिलाईत दोन-तीन सेंटीमीटर जातात आणि पतंग तेवढाच आखूड होतो, त्याने काही बिघडत नाही. सुई बारीक, टाके लांब ठेवावेत. बारीक टाक्यांची रांग म्हणजे कापडावर पाडलेली फाडण्याची रेघच असते. कडा सेंटीमीटरभर दुमडून शिवाव्यात आणि सहा कोपऱ्यांवर सुती नाडपट्टीचे दुहेरी खिसे करावेत, कारण सगळा ताण तिथेच येतो.

कामट्यांच्या बाबतीत बाजारातली चमक फसवी ठरते. सहज मिळणारी ६ मिलिमीटरची भरीव फायबरग्लासची काडी मीटरला ५५ ग्रॅमच्या वर भरते. कणा आणि दोन आडव्या मिळून सव्वापाच मीटर काडी लागते, म्हणजे नुसता सांगाडाच ३०० ग्रॅमचा झाला. कार्बनची पोकळ नळी त्याच्या निम्म्याहून हलकी आणि ताठही असते, पण ती महाग पडते आणि वीजवाहक असते. विजेच्या तारांचे जाळे असलेल्या शहरात हा दोष किरकोळ नव्हे. आणि तासलेला बांबू? कण्यासाठी ८ बाय ६ आणि आडव्यांसाठी ८ बाय ५ मिलिमीटरच्या कामट्या घेतल्या, तर तिन्ही मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतात. महागड्या नळीच्या जवळपास जाणारी ही वस्तू पुण्याच्या बुरूड आळीसारख्या ठिकाणी किरकोळ किमतीत मिळते. तासताना बांबूची बाहेरची कडक पाठ राखावी आणि आतला मऊ भाग काढावा. बांबू पक्व व पूर्ण वाळलेला असावा. ओला बांबू जड तर असतोच, शिवाय वाळताना वाकतो.

आडव्या कामट्यांचा तोल हा सर्वांत नाजूक भाग. कामटी मधोमध बोटावर तोलून पाहावी आणि मग दोन्ही टोके दाबून तिचा बाक निरखावा. एक बाजू अधिक वाकत असेल, तर दुसरी, ताठ बाजू हलक्या हाताने तासत जावी. या कामाला तासभर गेला तरी तो सत्कारणी लागतो. असमान कामटीचा पतंग कायम एका अंगाला झुकतो आणि मग दोष वाऱ्याला दिला जातो. धनुष्याची दोरी मधोमध १० ते १२ सेंटीमीटर बाक येईल इतकी ताणावी. वारा वाढला तर बाक वाढवता यावा, म्हणून गाठ सरकती ठेवावी. सारे जुळवून झाल्यावर पतंग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा. कापड, शिलाई व खिसे मिळून ११५, कामट्या १५०, दोऱ्या २५, असा २९० ग्रॅमचा हिशेब जमला की सेकंदाला १.६ मीटरच्या वाऱ्यात पतंग स्वतःला पेलू लागतो. झपाझप चालताना चेहऱ्याला जेवढा वारा लागतो, तेवढाच हा.

कणी, म्हणजे दोरा जोडण्याची गुंफण, येथे चार पायांची असते. प्रत्येक आडव्या कामटीवर कण्यापासून दोन्हीकडे ४० सेंटीमीटरवर एकेक दोरी बांधावी. वरच्या दोघींचा एक फास, खालच्या दोघींचा दुसरा आणि दोन फासांना जोडणाऱ्या दोरीवर सरकणारी कडी. पाय भरपूर लांब, पतंगाच्या उंचीच्या दीडपट तरी असावेत. आखूड कणी कामट्यांना आत ओढते. कडी धरून पतंग उचलला असता त्याचे नाक वीस-पंचवीस अंश वर राहील, अशी सुरुवात करावी. पतंग मागे रेलून नुसती ओढ देत असेल आणि चढत नसेल, तर कडी वर सरकवावी. तो डोक्यावर येऊन दोरा ढिला पाडत असेल, तर खाली. सरकवायचे ते एकेक सेंटीमीटर, त्याहून जास्त नाही.

दोरा सुतीच हवा आणि मांज्याशिवायचा. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर नायलॉनच्या व इतर कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर बंदी घातली. काच लावलेला नाही म्हणून कृत्रिम धागा चालतो, अशी सवलत त्यात नाही. दुचाकीस्वारांचे चिरलेले गळे आणि पंख अडकून मेलेले पक्षी या बंदीच्या मागे आहेत. दोऱ्याची ताकद घरीच पाहता येते. त्याला बादली टांगून १५ लिटर पाणी पेलले, तर तो या पतंगाला पुरेसा आहे. इतकी ताकद अशासाठी की सेकंदाला ८ मीटरच्या वाऱ्यात हिशेबाने याच पतंगाची उचल सोळापट, म्हणजे साडेसात किलो होते. प्रत्यक्षात तोवर कामट्या मोडतात. रस्त्यावरची धूळ आणि सुटे कागद उडू लागले की मंद वाऱ्याचा पतंग खाली घ्यायची वेळ झालेली असते. तेव्हा दोरा गुंडाळत बसू नये. एकाने दोरा घट्ट धरावा आणि दुसऱ्याने हातमोजे घालून, दोरा काखेखाली दाबत पतंगाकडे चालत जावे. दोऱ्याबरोबर पतंग निमूटपणे खाली येतो.

उडवण्यासाठी गच्ची ही सर्वांत वाईट जागा. इमारतीला वळसा घालणारा वारा तिच्या मागे उंचीच्या कैकपट अंतरापर्यंत भोवरे करतो, आणि वर पाहत मागे सरकणाऱ्याला कठड्याचे भान राहत नाही. मोकळे मैदान किंवा समुद्रकिनारा हवा. किनाऱ्यावर दुपारनंतर वाहणारे खारे वारे पाण्यावरून विनाअडथळा येतात, म्हणून मंद असले तरी एकसारखे असतात. पहाटेचे मतलई वारे जमिनीवरून, इमारती आणि झाडे ओलांडून येतात, त्यांत ती सलगता नसते. मुंबईत जुहूचा किनारा विमानतळाला लागून आहे, त्यामुळे तो वगळावा. १९३४ च्या विमान कायद्यातील ‘विमाना’च्या व्याख्येत फुगे आणि ग्लायडर यांच्या पंक्तीत पतंगही बसवलेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. विमानतळाच्या परिसरात दोन मीटरचा पतंग चढवणे कायदा कोणताही असला तरी धोक्याचेच.

जमिनीलगत वारा सर्वांत कमी असतो आणि वीस-तीस मीटरवर तो स्पष्ट वाढतो. म्हणून हातातून पतंग सोडण्यात अर्थ नसतो. चाळीस मीटर दोरा आधीच मोकळा करावा आणि साथीदाराने वाऱ्याच्या दिशेला दूर जाऊन पतंग दोन्ही हातांनी उभा धरावा. झुळूक जाणवली की त्याने तो ढकलायचा नाही, फक्त सोडायचा. दोरा धरणाऱ्याने धावू नये, हातावर हात घेत तो भराभर ओढावा. खालचा निश्चल थर ओलांडला की दोरा ताठ होतो. मग ओढलेला दोरा ढील देऊन पुन्हा सोडता येतो. झुळूक पडली की चार हात दोरा घ्यावा, ती परतली की पुन्हा द्यावा.