करंजाचे बेट आणि दोन शेजारी

मोरा बंदरावर सायंकाळी उभे राहिले, की समोर घारापुरी आणि डाव्या हाताला पाण्यापलीकडे मुंबईचे दिवे दिसतात. अठराव्या शतकात याच पाण्याच्या दोन बाजूंना दोन सत्ता नांदत होत्या. त्या काठी इंग्रज कंपनी, या काठी पेशवे; आणि आपले उरण दोघांच्या मधोमध. जुन्या कागदांतून आपल्या गावाचा उल्लेख बहुधा करंजा या नावाने येतो. त्या वेळी हे खरोखरीचे बेट होते. या दोन शेजाऱ्यांचे सख्य आणि वैर समजावून घ्यावयाचे, तर उरणकरांना पुण्याच्या दप्तरापर्यंत जावयाचे कारण नाही. त्यांनी आपल्याच बेटाचे काय झाले ते पाहावे.

मुंबई 1668 साली कंपनीच्या हाती आली, परंतु साष्टी आणि करंजा पोर्तुगीजांकडेच राहिले. मुंबईहून घाटाकडे जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज अधिकारी ठाण्यास आणि करंजास जकात घेत. मुंबईला लागणारे धान्य, लाकूड सारे मुख्य भूमीवरून यावयाचे. तेव्हा ज्याच्या हाती या खाड्यांची तोंडे, त्याच्या मर्जीवर मुंबईचे पोट, ही गोष्ट इंग्रजांच्या मनात पहिल्यापासून सलत होती. पुढे सव्वाशे वर्षे त्यांनी जे केले, त्याची किल्ली येथे आहे असे मला वाटते.

1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनी मिळून कान्होजी आंग्रे यांच्या कुलाब्यावर चाल केली. बाजीराव फौज घेऊन आले, मोहीम फसली, आणि पोर्तुगिजांनी पुढच्याच जानेवारीत परभारे तह उरकून टाकला. 1737 ते 1739 च्या वसईच्या मोहिमेत मात्र पारडे फिरले. साष्टी, वसई, आपले करंजा मराठ्यांकडे आले. वेढ्यात सापडलेल्या पोर्तुगिजांना मुंबईकरांनी थोडे कर्ज दिले, तेही तारण ठेवून घेऊन! वसई पडताच त्यांचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजीअप्पांशी तह करावयास वसईस गेला, आणि त्याच साली कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहू महाराजांच्या भेटीस गेला. व्यापाराची मोकळीक तर मिळालीच. शिवाय पेशवे आणि छत्रपती यांच्यात कितपत अंतर आहे, याचाही अंदाज मिळाला.

आता या कथेतील मुख्य प्रसंगाकडे येऊ. कान्होजींच्या मागे आंग्र्यांच्या घरात दुफळी माजली. कुलाब्यास मानाजी आणि विजयदुर्गास तुळाजी. तुळाजी नानासाहेब पेशव्यांना जुमानीत नव्हता आणि इंग्रजांची गलबतेही धरीत होता. दोन्ही शेजाऱ्यांचा शत्रू एकच झाला. मार्च 1755 मध्ये पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव आणि मुंबईचा गव्हर्नर बूर्शिये यांच्यात करार झाला. धरलेली जहाजे निम्मी निम्मी वाटून घ्यावयाची, बाणकोट इंग्रजांस द्यावयाचे, आणि समुद्रावरील हुकूम इंग्रजांचा चालावयाचा, असे ठरले. एप्रिलात कमोडोर जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला आणि ठरल्याप्रमाणे मराठ्यांच्या हवाली केला. येथपर्यंत शेजारधर्म नीट पाळला गेला, हे मान्य केले पाहिजे.

विजयदुर्गास तसे घडले नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये अॅडमिरल वॉटसन आरमार घेऊन आला, बरोबर क्लाइव्ह होता. तुळाजी तहाच्या बोलण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेला होता. किल्ला परस्पर मराठ्यांच्या हाती जाईल या धास्तीने क्लाइव्हने फौज उतरवून वाट अडवली. तोफांच्या माऱ्यात आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली आणि पाहता पाहता बंदरातील सारे आरमार जळून गेले. किल्ल्यातील सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली. मित्राला त्यातले काही दिले नाही. किल्लाही सोडीनात. ऑक्टोबरातील नव्या तहाने तो परत मिळाला खरा, परंतु त्याच तहात मराठी मुलखातून डच व्यापाऱ्यांना मज्जाव करण्याचे कलम इंग्रजांनी घालून घेतले. वॉटसन आणि क्लाइव्ह तेथून मद्रासमार्गे बंगाल्यात गेले. पुढच्या वर्षी प्लासी झाली.

पेशव्यांनी आपले आरमार आपल्या हातांनी बुडविले, असा ठपका नानासाहेबांवर नेहमी ठेवला जातो. तो मला अर्धाच पटतो. तुळाजी काही निरपराध नव्हता, आणि कोणताही राज्यकर्ता अशा बंडखोर सरदाराला वठणीवर आणल्यावाचून राहिला नसता. कुलाब्याचे आरमार शाबूत होते. विजयदुर्गास पुढे धुळपांनी नवे उभारले. चूक झाली ती त्या एका कलमात. समुद्रावर हुकूम कोणाचा, हा प्रश्न शेजाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यात आला. आंग्रे होते तोवर मुंबईकरांना कोकण किनाऱ्यावर जपून वागावे लागत असे. ती धास्ती गेल्यावर साष्टी आणि करंजा यांच्यावर डोळा ठेवण्यास त्यांना फुरसत मिळाली.

1772 साली कंपनीचा वकील मॉस्टिन पुण्यास येऊन राहिला, तो ही बेटे मिळविण्याच्या खटपटीसाठीच. नोव्हेंबरात माधवराव वारले, पुढच्या ऑगस्टात नारायणरावांचा खून झाला, आणि राघोबादादा आश्रय शोधू लागले. तह जुळेपर्यंतही मुंबईकर थांबले नाहीत. पोर्तुगिजांचे आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे, अशी सबब सांगून डिसेंबर 1774 मध्ये त्यांनी ठाण्यावर हल्ला चढविला. तेथे त्यांचा कमोडोर वॉटसन पडला (हा विजयदुर्गचा वॉटसन नव्हे, तो 1757 सालीच बंगाल्यात वारला होता). ठाण्यापाठोपाठ आपले करंजाही त्यांनी घेतले. राघोबांची सही त्यावर मार्च 1775 मध्ये सुरतेस झाली.

जानेवारी 1779 मध्ये वडगावास इंग्रजी फौज कोंडली गेली, तेव्हा घेतलेला सारा मुलूख परत देण्याचे त्यांनी लिहून दिले. फौज सुटताच मुंबईकरांनी तो कागद मानण्याचे नाकारले. अखेर मे 1782 च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना मिळाली. साष्टी, घारापुरी, करंजा आणि हॉग बेट कंपनीकडे राहिले. पुढच्या एप्रिलात धुळपांच्या आरमाराने रत्नागिरीच्या बाजूस इंग्रजांचे 'रेंजर' जहाज झुंजून पकडले आणि विजयदुर्गास नेले. त्या वेळी करंजावर इंग्रजांचा अंमल बसून आठ वर्षे होऊन गेली होती.