तळटीप : लिली माँटेग्यू
लिली माँटेग्यू (१८७३–१९६३) : रामदासांच्या उपासनेबद्दल लिहिता लिहिता लेखकाला या ज्यू विदुषीची आठवण व्हावी, हे मला अगदी योग्य वाटते. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपल्याला माहीत असलेले भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे त्यांचे धाकटे भाऊ. लिलीबाईंनी १८९३ मध्ये लंडनमध्ये कष्टकरी मुलींसाठी क्लब काढला. दिवसभर शिवणकाम करून पोट भरणाऱ्या मुली तिथे संध्याकाळी येत. देवाची भक्ती करायची आणि या मुलींची मजुरी, कामाचे तास यांकडे काणाडोळा करायचा, हे त्यांना जमणारे नव्हते. १९०२ मध्ये क्लॉड माँटेफिओरे यांच्यासह त्यांनी ज्यू धर्मसंघ स्थापला. तिथली प्रार्थना शनिवारी दुपारी होई, बरीचशी इंग्रजीत. स्त्री-पुरुष एकत्र बसत.

या विचाराचा मराठी धागा म्हणजे डॉ. जेरुशा झिराड (१८९०–१९८३). आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावचे, समाज बेने इस्रायल. लंडनला वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांचा लिलीबाईंशी परिचय झाला. १९२५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईतही असाच धर्मसंघ उभा राहिला. पुढे १९२८ ते १९४७ त्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. बाळंतिणींची सेवा आणि सिनेगॉगमधली प्रार्थना त्यांनी एकाच निष्ठेने सांभाळली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.—संपा.