टाळ आणि विलंब

गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव, आणि त्यांचे नाव ज्या जात्याशी कायमचे जोडले गेले ते जाते, संगीताच्या दृष्टीने पाहिले असता, दोन कंठांतील कालाचे अंतर जवळजवळ नाहीसे करणारे साधन होय. एकाच खुंट्यावर दोघींचे हात असतात. एकीने ओढ घेतली की ती दुसरीच्या मनगटाला लाकडातूनच कळते, आणि ओवीचा ठेका कानाने धरण्याची गरजच उरत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली, यावरून या जोडगायनाचा विस्तार किती होता याची कल्पना यावी.

ओसरी सोडून रस्त्यावर आले की प्रश्न निराळा होतो. हवेतून ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे मीटरभर अंतर कापण्यास त्याला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. तेव्हा शेगावहून पंढरपुरास जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी व गंगाखेडवरून पुढे सरकत असता, पस्तीस मीटर लांबीच्या ओळीतील पहिल्या टाळकऱ्याचा टाळ अखेरच्या टाळकऱ्याच्या कानी सुमारे १०० मिलिसेकंद उशिराने पोचतो, आणि त्याने निव्वळ कानावर भरवसा ठेवला तर त्याचे पाऊल व टाळ दोन्ही मागे पडतील. दिंडीची परंपरागत रचना या अडचणीवर उतारा म्हणूनच घडली असे कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु पताकाधारी पुढे, मग टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्यात पखवाजवाला व त्यापाठोपाठ विणेकरी, ही मांडणी पाहिली की ठेक्याचा उगम मध्यावर ठेवल्याने अंतर निम्मे होते, आणि उरलेले काम पखवाजावर पडणाऱ्या हाताकडे लागलेली नजर करते, हे सहज ध्यानी येते. आळंदीच्या पालखीत समाज आरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच सारे टाळ थांबतात, तीही डोळ्यांचीच किमया. परभणीस सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसात कव्वालीचे साथीदार मुख्य गायकाला खेटून बसतात, त्यामागेही टाळीचा हाच हिशेब असावा, असे मला वाटते.

पुढे तार आली, आणि १९०१ च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग पुरा झाल्यावर निझामाच्या मुलखातील परभणी जिल्हा वेगाच्या जगाशी जोडला गेला. नंतर रेडिओ आला, आणि आकाशवाणी परभणीचे कार्यक्रम १३०५ किलोहर्ट्झवर घरोघर ऐकू येऊ लागले. या साऱ्यांत विलंब कोणाला बोचला नाही, कारण आकाशवाणी बोलते आणि श्रोता ऐकतो. श्रोत्याने केंद्राला टाळाची साथ द्यावयाची नसते.

तो बोचला २०२० साली. टाळेबंदीमुळे सप्ताह थांबले, आषाढीस पादुका पंढरपुरास बसने गेल्या, आणि भजनी मंडळींनी मोबाइल पुढे ठेवून घरोघर बसून एकत्र गाण्याचा खटाटोप केला. संभाषणासाठी एका दिशेस १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब चालतो असे दूरसंचाराचे आंतरराष्ट्रीय प्रमाण सांगते. पण मध्यलयीत, अर्ध्या सेकंदास एक मात्रा धरली, तर इतक्या उशिरात पाव मात्रेहून अधिक निसटते. शिवाय मोबाइलवरील संभाषणाची यंत्रणा बोलण्यासाठी बेतलेली असल्यामुळे टाळाचा किणकिणाट तिला गोंगाट वाटतो व ती तो गाळून टाकते. स्टॅनफर्ड येथे क्रिस चेफ यांनी दोन माणसांना दूर बसवून टाळ्या वाजवावयास लावल्या, तेव्हा सुमारे ११ मिलिसेकंदांच्या विलंबात लय स्थिर राहिली आणि तो वाढत गेला तशी ती रेंगाळू लागली. हा त्याची वाट पाहतो, तो याची, आणि दर आवर्तनास लय थोडी खाली बसते.

आता नवल असे की दोष अंतराचा नाहीच. काचतंतूतून प्रकाश मिलिसेकंदास सुमारे २०० किलोमीटर जातो. परभणी-मुंबई अंतर ५०० किलोमीटर धरले तर जाण्यास अडीच मिलिसेकंद, म्हणजे सभामंडपात मीटरभर लांब बसलेल्या टाळकऱ्याइतकाच विलंब. उशीर होतो तो तहसील कचेरीतील अर्जासारखा: टपाल वेळेवर येते, पण अर्ज एकेका कारकुनाच्या मेजावर पडून राहतो. पहिले मेज घरातलेच. जुन्या माळवदाच्या जाड मातीच्या भिंतीतून वायफायची लहर क्षीण होते, माहितीचे तुकडे पुन्हापुन्हा पाठवावे लागतात. म्हणून राउटरपासून संगणकापर्यंत साधी केबल ओढावी. ब्लूटूथचे हेडफोन शंभराहून अधिक मिलिसेकंद एकटेच खातात, तेव्हा ते बाजूस ठेवून वायरीचे घ्यावेत. संगणकातील ध्वनीचा साठा (बफर) सेकंदास ४८,००० नमुन्यांच्या हिशेबाने १२८ नमुन्यांचा ठेवला तर त्याचा विलंब तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. घरात कोणी त्याच वेळी चित्रपट उतरवून घेत असेल तर राउटरपाशी रांग लागते, आणि ती मोडण्यास त्याला थांबविण्यावाचून सोपा उपाय नाही. दूर बसून एकत्र गाण्या-वाजविण्याच्या जॅकट्रिप किंवा जॅम्युलस यांसारख्या प्रणाली एवढी काळजी घेतल्यावरच कामी येतात.

ज्यांच्याकडे मोबाइलच्या जाळ्यावाचून काही नाही त्यांच्यासाठी निंजॅम या प्रणालीची तोड आहे: ती विलंब कमी करण्याऐवजी मुद्दाम पूर्ण आवर्तनापर्यंत लांबविते, म्हणजे प्रत्येकास इतरांचे मागले आवर्तन ऐकू येते. भजनात ध्रुपद घोळविण्याची रीत असल्याने हे पुष्कळसे खपून जाते. भारुडात, जेथे प्रश्नास तत्काळ उत्तर लागते, तेथे ते खपत नाही, आणि त्यासाठी अजूनही सर्वांना एकाच ओसरीवर बसावे लागते.