मालपेकर, अंजनीबाई

(२२ एप्रिल १८८३ – ७ ऑगस्ट १९७४). हिंदुस्थानी संगीतातील भेंडीबाजार घराण्याच्या गायिका आणि गुरू. जन्म गोव्यातील पेडणे महालात, मालपे या गावी. सिंधुदुर्गातून तेरेखोल नदी ओलांडली की पेडणे लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडे होता. पुढे पोर्तुगीज अंमल आला, पण नदीच्या दोन्ही काठांवरची सोयरीक, बोली आणि देवळांतले उत्सव तुटले नाहीत. अंजनीबाईंचे घराणे कलावंत समाजातले. या समाजातल्या स्त्रियांकडे देवळातली गाण्यानाचण्याची सेवा पिढ्यान्‌पिढ्या असे. अंजनीबाईंच्या आजीच्या आणि आईच्या गळ्यातही गाणे होते.

या किनाऱ्यावर गाण्याची ओढ मोठी, पण पक्की तालीम मिळायची तर गाव सोडावे लागे. सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या रामकृष्णबुवा वझे यांना (१८७१–१९४५) सुरुवातीची तालीम मालवणात विठोबाअण्णा हडपांकडे मिळाली. पुढचे शिकण्यासाठी मात्र त्यांना थेट ग्वाल्हेर गाठावे लागले. अंजनीबाई वझेबुवांहून बारा वर्षांनी लहान. तेवढ्या काळात उत्तरेतले उस्तादच मुंबईत बिऱ्हाड करून राहू लागले होते. मुरादाबादकडच्या बिजनौरहून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ भेंडीबाजाराच्या परिसरात राहत, म्हणून त्यांच्या गायकीला त्या बाजाराचे नाव पडले. घराण्याला राजधानीऐवजी पेठेचे नाव मिळावे, यातच त्या काळच्या मुंबईची ओळख आहे. आठ वर्षांच्या अंजनीला नझीर खाँसाहेबांनी हाताशी धरले. तालीम पुढे आठ वर्षे अखंड चालली.

ही तालीम कशी असे, ते समजून घेतल्याशिवाय अंजनीबाईंची थोरवी कळणार नाही. भेंडीबाजार गायकीचा कणा म्हणजे मेरुखंड, घेतलेल्या स्वरांचा क्रम बदलत त्यांची होतील तेवढी सगळी वळणे घोटण्याची पद्धत. सा, रे, ग हे तीनच स्वर घेतले तरी त्यांची सहा वळणे होतात : सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. चार स्वरांची चोवीस, पाचांची एकशेवीस आणि साती स्वर घेतले तर ५,०४०. हे गणित नवे नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त ते मांडून ठेवले आहे. पण कागदावरचे गणित गळ्यात उतरवायचे तर रोज तासन्‌तास एकेक वळण घोटावे लागते, आणि तेही इतके की गाताना मोजदाद आठवता कामा नये. जोडीला मोकळा आकार, लांब दमसास, मींड आणि गमक. आठ वर्षांच्या पोरीने हे सगळे सोळा वर्षांची होईपर्यंत पेलले, हीच तिच्या चरित्रातली पहिली मोठी घटना मानायला हवी.

१८९९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, मुंबईत त्यांची पहिली जाहीर मैफल झाली आणि नाव झाले. त्या दिसायलाही अतिशय देखण्या होत्या. चित्रकार राजा रविवर्मा यांच्या काही चित्रांमागची प्रेरणा म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, आणि त्यांच्याविषयीचे लेखन बहुधा तिथूनच सुरू होते. हा त्यांच्यावर अन्यायच आहे. देखणेपणाचा त्यांना जाचही कमी झाला नाही. एकट्या तरुण गायिकेला भोवतालच्या धनिकांच्या लोचट नजरांना तोंड द्यावे लागे.

१९०४ च्या सुमारास त्यांचा आवाज गेला. जवळजवळ वर्षभर गळ्यातून स्वर निघेना. मैफली थांबल्या. एकविसाव्या वर्षी, नाव ऐन भरात असताना, गाणाऱ्या बाईवर याहून मोठे संकट नाही. आवाज परत आला, तेव्हा त्या पुन्हा गाऊ लागल्या आणि पुढची जवळपास दोन दशके गात राहिल्या.

१९२० मध्ये नझीर खाँ वारले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, चाळिशीच्या अंजनीबाईंनी मैफल सोडली ती कायमची. ख्यालगायकाचे गाणे चाळिशीनंतरच पिकते असा सर्वसाधारण अनुभव. त्या वयात थांबणे म्हणजे हाती आलेले पीक शेतातच सोडण्यासारखे. पण या बाईंनी ते बियाण्यासाठी राखले. यानंतरचे त्यांचे आयुष्य शिकवण्यात गेले.

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व मुंबईत बा. र. देवधरांकडे शिकत असतानाच्या काळात अंजनीबाईंकडेही शिकले. किशोरी आमोणकर यांना आई मोगूबाई कुर्डीकरांकडून जयपूर-अत्रौलीची कडक तालीम होतीच, तरीही त्या अंजनीबाईंकडे गेल्या. जयपूर घराण्याच्या गाण्यात पेचदार तानांची आणि लयीच्या हिशेबाची मातब्बरी. किशोरीताईंनी अंजनीबाईंकडून मींड घेतली. एका स्वरातून दुसऱ्यात जाताना मधली वाट न तोडता, श्वास न सांडता, हळूहळू सरकत जाणे. किशोरीताईंच्या आलापीत स्वर स्वराला बिलगून चालतो, तिथे ही शिकवण कानाला लागते. दोघेही पुढे घराण्याची चौकट ओलांडणारे ठरले, आणि दोघांनाही शिकवणारी गुरू मात्र आपल्या उस्तादाच्या शिस्तीत वाढलेली होती.

१९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने आपला सर्वोच्च सन्मान असलेले रत्नसदस्यत्व अंजनीबाईंना दिले. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्या वेळी मैफल सोडून त्यांना पस्तीस वर्षे झाली होती.