बोले ठरावातला विसरलेला शब्द : दवाखाना

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, हे आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांना पाठ असते. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. याच ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले. पण ठराव पाण्यापाशी संपत नव्हता. पुढे शाळा, न्यायालये, कचेऱ्या होत्या आणि सर्वात शेवटी दवाखाने होते. पाण्याचा सत्याग्रह झाला, मंदिराचा झाला. दवाखान्याच्या नावाने झालेला असा एकही लढा आपण जयंतीच्या भाषणात सांगत नाही.

दवाखाना त्या ठरावात का आला, हे समजायला दापोलीपासून सुरुवात करू. लष्करातून निवृत्त झालेले महार सैनिक तिथे राहत. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. १८९० नंतरच्या वर्षांत या पेन्शनरांनी आपल्या पोरांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे म्हणून सरकारकडे दाद मागितली. शाळेने मुलांना पडवीत बसवले. सरकारी पैशाने चालणारी इमारत, पण आपल्या वाट्याला पडवी. दवाखान्याचा उंबराही वेगळा नव्हता.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. त्याची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावातल्या बड्या लोकांनी दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला, पण अट घालून : रोग्याला वस्तीबाहेर आणा. दोन दिवसांच्या बाळासह त्या बाईला बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत आला तो त्याच रांगेतून. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. छातीला हात लावला नाही, नाडी पाहिली नाही. बाई गेली. त्या डॉक्टरला वैद्यक येत नव्हते असे नाही. रोग्याला हात लावल्याशिवायही आपली डॉक्टरकी शाबूत राहते, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन स्त्रियांकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. माता रमाई दापोलीजवळच्या वणंदच्या. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईबाप लहानपणीच गेले. पुढे रमाईंची पाचातली चार मुले गेली आणि २७ मे १९३५ रोजी त्या स्वतः गेल्या. दुसऱ्या डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढच्या माईसाहेब. त्यांचे घराणे राजापूर तालुक्यातले, सारस्वत. १९३७ साली त्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस. झाल्या. माईसाहेबांबद्दल आपल्यात काय काय बोलले गेले, तो वाद इथे उकरायचा नाही. जिल्हा एक, वयात फार तर दहा-पंधरा वर्षांचे अंतर. पण एकीला डॉक्टर होता आले आणि दुसरीला डॉक्टरपर्यंत पोचणेही अवघड होते. याला नशीब म्हणणाऱ्याने पुन्हा एकदा बोले ठराव वाचावा.

कोणी म्हणेल, आपली माणसे तर दवाखान्यात पहिल्यापासून आहेत. खरे आहे. झाडूवर आहेत, शवागारात आहेत, घाण उचलायला आहेत. त्याआधी गावोगाव बाळंतपणे करणारी, नाळ कापणारी सुईण बहुतेक वेळा मांग किंवा महार बाईच असे. रक्त विटाळाचे, म्हणून ते काम तिचे. पण त्याच शरीराचे शास्त्र झाले, त्याला पदवी आणि पगार लागला, तेव्हा सुईण अडाणी ठरली. १८३६ साली कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी प्रेताचे विच्छेदन केले, ते मोठे धाडस म्हणून इतिहासात नोंदले गेले. धाडस होतेच. पण पिढ्यान्‌पिढ्या मेलेली ढोरे ओढणाऱ्या माणसाच्या अनुभवाला शरीरशास्त्र कोणी म्हटले नाही. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. तिथल्या बाकांवर कोण बसले आणि वॉर्डातल्या फरशा कोणी पुसल्या, हे सांगायला संशोधन लागत नाही.

स्वयंसेवेची आपली परंपरा मात्र या झाडूच्या परंपरेपासून वेगळी काढली पाहिजे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी डॉक्टर मुलगा यशवंत याला बोलावून घेतले आणि पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा पोर प्लेगने पडला, तेव्हा माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. काठेवाडातल्या थर्मामीटरच्या बत्तीस वर्षे आधीची ही गोष्ट. दोन्ही प्रसंग शाळेत एकाच तासाला शिकवले पाहिजेत.

अमेरिकेत १९४४ साली न्यू जर्सीतल्या ईस्ट ऑरेंजच्या शाळकरी मुली पट्ट्यापट्ट्यांचे अ‍ॅप्रन घालून इस्पितळात मदतीला जाऊ लागल्या. त्यांना ‘कँडी स्ट्रायपर’ म्हणत. रोग्याला पाणी द्यायचे, वाचून दाखवायचे आणि जाता-येता नर्सचे, डॉक्टरचे काम बघायचे. तिथेही सगळे गोड नव्हते. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने सरकारी पैशातून काळ्यांसाठी वेगळी इस्पितळे बांधायला मोकळीक दिली होती. ती तरतूद १९६३ साली न्यायालयाने रद्द केली. तो खटला लढणाऱ्यांत काळे डॉक्टर, दंतवैद्य आणि रोगी एकत्र होते. इस्पितळाचे दार हा हक्काचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आता आपल्याकडे या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. स्थानिक कारागिरांकडे काम शिकायचे. उदाहरणे कोणती दिली? सुतार, माळी, कुंभार, कलाकार. नर्स नाही, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ नाही. १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ घरचा धंदा अशी योजना आणली होती. पेरियारांनी तिला कुलकल्वी, म्हणजे कुळाचे शिक्षण म्हणत रान उठवले आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. दहा दिवसांची योजना तशीच आहे असे मी म्हणत नाही. पण कुठे पाठवायचे हे गावावर सोडले, तर गाव काय करतो हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या आपल्या माणसांनी आग्रह धरावा : या दहा दिवसांतले दोन-तीन दिवस रुग्णालयात. मुलांनी केसपेपरची खिडकी बघावी, सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब बघावा, एक्स-रे, डायलिसिस, औषध भांडार बघावे. जी.एन.एम., डी.एम.एल.टी., डी.फार्म. म्हणजे काय, कोणते विषय लागतात, शिष्यवृत्ती कुठली, हे तिथे काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकावे. काही शाळांत नववीपासून हेल्थ केअर हा विषय आहे, तो आपल्या तालुक्यात कुठे आहे हे शोधावे. आणि अट एकच : एकाही मुलाच्या हातात झाडू द्यायचा नाही, वापरलेल्या सुया आणि जैविक कचऱ्याजवळ कोणाला न्यायचे नाही. सेवाभावाच्या नावाखाली फरशी पुसून घ्यायची असेल, तर आपली मुले येणार नाहीत, हे शाळेला लेखी कळवावे.

‘आत शिरून तरी काय?’ असे तरुण मित्र विचारतात आणि डॉ. पायल तडवीचे नाव घेतात. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या या आदिवासी डॉक्टरने जीव दिला. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीय छळाचा गुन्हा दाखल झाला. प्रश्न रास्त आहे. पण पायल एकटी पडली होती, हेही त्या प्रश्नाचेच उत्तर आहे. वॉर्डात, प्रयोगशाळेत, परिचारिकांच्या खोलीत, अधिष्ठात्यांच्या खुर्चीत आपली माणसे जितकी कमी, तितका आत गेलेला प्रत्येक जण एकटा.

२०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे. वणंदच्या शाळेने अर्ज केला, तर तिथल्या अधीक्षकांना नाही म्हणायला कारण शोधावे लागेल. तो अर्ज या जूनमध्येच, शाळा उघडताच द्या आणि पोच घ्या.

जय भीम.