गॅलिलिओने ऑफरमध्ये काय मागितलं?

ऑफर आली की आपण आधी पगाराचा आकडा बघतो. गॅलिलिओकडे तो होता. १६०९ मध्ये त्याची दुर्बीण पाहून व्हेनिसने पादुआ विद्यापीठातली नोकरी कायम केली, पगार १००० फ्लोरिन ठरवला. तरी मे १६१० मध्ये त्याने फ्लोरेन्सच्या ग्रँड ड्यूकचा सचिव विंता याच्यामार्फत बोलणी केली. मागितलं काय? शिकवण्यातून सुटका आणि ‘गणिती’सोबत ‘तत्त्वज्ञ’ हे पद, कारण विश्व खरंच कसं आहे हे सांगायचा मान तेव्हा तत्त्वज्ञाचा होता. जुलैपर्यंत दोन्ही मिळालं. पण पोपला न जुमानणारं व्हेनिस सुटलं. १६३३ मध्ये रोममध्ये खटला चालला, तेव्हा फ्लोरेन्स त्याला वाचवू शकलं नाही. म्हणून तुम्हीही विचारा: संशोधनाला वेळ किती, आणि अडचणीत पाठीशी कोण?